घडी

हडर्सफील्डच्या कालव्याकाठी, पत्र्याच्या लांब शेडमध्ये
इस्पितळांच्या चादरी वाफेतून बाहेर येतात
आणि आम्ही त्यांच्या घड्या घालतो.
पहाटे सहा ते दुपारी दोन. मध्ये वीस मिनिटं चहा.

पहिल्याच आठवड्यात डोरीननं माझं मनगट धरलं.
म्हणाली, अशी नको. हा कोपरा आत घालू नकोस,
बोटभर बाहेर राहू दे.
रात्री नर्सचा एक हात पेशंटच्या पाठीखाली असतो गं,
दुसऱ्या हातानं ओढली की सगळी उलगडली पाहिजे.

एकतीस वर्षं ती हा कोपरा सोडत आली.
कुठल्या वहीत लिहिलेला नाही, कुणी बघत नाही.
म्हातारीचा चाळा, मी मनात म्हटलं.
महिनाभरात माझ्याही बोटांना तो लागला.
घरी टॉवेलांच्या घड्या घालतानासुद्धा
कोपरा आपोआप बाहेर.

मग मार्चमध्ये कॅलमनं फळा आणला.
गुणी पोरगा, माझ्या मुलीएवढा, टाय नेहमी सैल.
फळ्यावर आमची नावं, नावांपुढे आकडे,
ठरलेल्या आकड्याच्या वर गेलं की जास्तीचे पैसे,
आणि शुक्रवारी पहिलीला चॉकलेटचा डबा.
खोटं कशाला बोलू, मला आवडलं.
दहावीनंतर माझं नाव
कुठल्याच फळ्यावर पहिलं आलं नव्हतं.

कोपऱ्याला दीड सेकंद लागतो.
सोड, असं मला कुणीही म्हणालं नाही.
मोजणाऱ्या यंत्राला तो दिसत नव्हता, एवढंच.
हळूहळू मलाही दिसेना.

चार डबे जिंकले. उल्हासनं ते टीव्हीशेजारी रचून ठेवले.
डोरीन कायम खालून दुसरी.
कॅलमनं तिला बाजूला घेऊन समजावलं,
तिनं सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली,
पुढच्या शुक्रवारी पुन्हा खालून दुसरी.
मी चहाच्या वेळी विचारलं, तुला काहीच कसं वाटत नाही?
ती बिस्किट बुडवत होती. जरा जास्त बुडालं, तुटलं.
चमच्यानं गाळ काढत बसली,
उत्तर राहूनच गेलं.

ऑक्टोबरात उल्हासचं हर्नियाचं ऑपरेशन झालं.
रात्री अकराला त्याला उलटी झाली, अंथरूण ओलं.
अबेना नावाची नर्स धावत आली,
डावा हात त्याच्या पाठीखाली घातला,
उजव्यानं चादर ओढली.

उलगडली नाही.

तिनं झटकली. हनुवटीखाली दाबून टोक शोधलं.
तो कुशीवर कुडकुडत,
आणि मी खुर्चीत, त्या पांढऱ्या चौकोनाकडे बघत.
चारी कोपरे आत. गुळगुळीत. पहिल्या नंबराची घडी.
किनारीला आमच्या शेडचा निळा धागा.
माझी असेल, नसेल.
माझीच असणार.
उठून दुसरं टोक धरलं, सॉरी म्हणाले.
अबेनाला वाटलं, वाटेत आले म्हणून.

आता मी पुन्हा कोपरे सोडते.
सगळे नाही, खरं सांगते.
गॅसचं बिल आलेल्या आठवड्यात
मला फक्त आकडा दिसतो.
फळा आहे तिथेच आहे, माझं नाव मध्यावर कुठेतरी,
आणि कॅलम विचारतो, सगळं ठीक ना?

आमच्याकडे नव्या साडीची घडी
आधी जिवाच्या माणसाला मोडायला देतात.
माझी आई मावशीला द्यायची,
मग मावशी दिवसभर ती नेसून मिरवायची
आणि आई बघत राहायची.
इथे मी रोज आठ-नऊशे घड्या घालते,
मोडणारं माणूस एकदाही न बघता.
डोरीनला ते दिसत असावं.

हे तिला इंग्रजीत सांगायला गेले, जमलं नाही.
साडीपाशीच अडले.
मग कॅलमकडे जाऊन
तिच्या शेजारचं टेबल तेवढं मागून घेतलं.