हे म्हणणे खरे नाही की

हे वाक्य मी इतक्यांदा टाइप केलंय
की आता टाइप करतच नाही.
एफ-फोर दाबते, ओळ उमटते:
"हे म्हणणे खरे नाही की, मी आरोपीच्या दबावाखाली
खोटी साक्ष देत आहे."
एक बोट, एक सेकंद.
सीबीएससमोरच्या या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर,
अकरा वर्षांत या बोटाखालून
किती माणसं फितूर होऊन गेली, मोजली नाहीत.

मंगळवारी पुंजाराम गांगुर्डे उभा होता.
वय एकोणपन्नास, धंदा मापाडी, राहणार पेठ रोड,
ईश्वरसाक्ष खरे सांगेन.
पंचवटीच्या मार्केट यार्डात अठ्ठावीस वर्षं काटा सांभाळलेला माणूस.
पिंजऱ्याचा कठडाही असा धरला होता त्याने
जणू मनातल्या मनात लाकडाचे किलो काढतोय.

पोलिसांपुढे बोलला होता तेव्हा:
रात्रीचे साडेनऊ, कोथिंबिरीचा लिलाव आटोपलेला,
पिकअप मागे आली, थांबली,
आणि तुळशीराम भोये हमाल खाली पडलेला असताना
परत मागे आली.
त्या "परत"वर सगळा खटला उभा.

आता म्हणाला, अंधार होता.
म्हणाला, मी पावती फाडत होतो.
म्हणाला, सही माझीच, पण वाचून दाखवलं नाही.
सरकारी वकील कापडणीस बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.
मी लिहिलं, साक्षीदार फितूर,
उलटतपासाची परवानगी दिली.

याला कलम आहे.
जुन्या पुस्तकात एकशे पंचाण्णव-अ, नव्यात दोनशे बत्तीस:
खोटी साक्ष द्यावी म्हणून धमकावणे, सात वर्षांपर्यंत.
पुस्तक बदललं तेव्हा नव्या नंबरांची चिठ्ठी
मॉनिटरच्या कडेला चिकटवली होती मी.
त्या नंबराला अजून हात लागला नाही,
गोंद तेवढा वाळला.

बाईंनी शेवटचा प्रश्न विचारला, पाठ असलेला.
त्यांचं वाक्य संपायच्या आत माझं बोट गेलं.
ओळ पडद्यावर.
पुंजाराम गप्प.
गप्प बसण्यासाठी माझ्याकडे बटण नाही.
पंखा. खालून कंडक्टरची नाशिकरोड नाशिकरोड अशी हाळी.
मागच्या बाकावर पांढऱ्या बुटांतला एकजण
मान वर न करता मोबाइल चाळत होता.

"मॅडम," पुंजाराम म्हणाला, माझ्याकडे बघून, साहेबांकडे नाही,
"दम कोणी दिला नाही.
घरी आले. पाणी प्यायले.
लेकीला बारावीत किती पडले ते विचारलं, शाबास म्हणाले.
आन् निघताना, चपला घालता घालता,
सव्वासहाच्या बसने जाते ना ती,
दिंडोरी नाक्यावरून?
अंधार असतो हो तिथं अजून.
एवढंच."

साहेब म्हणाले, प्रश्नाचं उत्तर द्या.

"ताई म्हणतात ते खरंय मग."

पडद्यावर "नाही" आधीच बसलेलं होतं.
मी कर्सर मागे नेला.
आधी वेलांटी गेली, मग ह,
मग काना, मग न.
रिकाम्या जागेत कर्सर लुकलुकत राहिला,
आणि मला "आहे" लिहायला
का कोण जाणे, वेळ लागला.
बचावाचे वकील हरकत घेत उभे राहिले होते.
पांढरे बूट दार हळूच लोटून बाहेर गेले.

संरक्षणाचा अर्ज दाखल. पोलिसांचं म्हणणं मागवलं.
पुढची तारीख एकोणीस.
पानापानावर सही करताना त्याने हळू आवाजात विचारलं,
सव्वासहाच्या आधीची बस कोणती असेल?
मला माहीत नव्हतं.

संध्याकाळी रस्ता ओलांडून
स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीत मी उभी राहिले.
आतल्या बाईने वही उलटली, बोट फिरवलं.
पाच चाळीसची आहे एक, म्हणाली,
पण तिचा काही भरवसा नाही.