पिठाच्या उंचीवरची खिडकी

रुझार फर्नांडिसांच्या बेकरीत पहिल्यांदा गेले
तेव्हा लॅपटॉपमध्ये एक दुकान तयारच होतं:
काळं ग्रॅनाइट, पिवळसर झोतदिवे,
छताला उलट्या टांगलेल्या टोपल्या
आणि वेंगुर्ल्याच्या बंदररस्त्याकडे तोंड करून
दहा फुटी काच.

त्यांनी हात फडक्याला पुसले,
कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला.
"बरां आसा, बाय.
पण हेच्यार खारो वारो बसतलो.
दर सकाळी पुसतलो कोण?"

मी माझे नमुने मागच्या दारी टांगून ठेवले.
पंधरा दिवसांत बिजागरी तांबूस झाली,
चकचकीत मुठीला पुरळ उठलं.
खाऱ्या वाऱ्याने एक शब्द न बोलता
माझं अर्धं अंदाजपत्रक खाल्लं.

मग मी भिंत खरवडायला घेतली.
हिरवा ऑइलपेंट, त्याखाली निळा, त्याखाली चुना,
आणि चुन्याखाली जांभा:
भोकाभोकांचा, भाजलेला,
आतून पावासारखाच.
तो तसाच ठेवला.

काउंटरला मोडीत निघालेल्या होडीच्या फळ्या.
खिळ्यांची भोकं बुजवू नका, मी बाबल मेस्त्रींना सांगितलं,
त्यांत समुद्र आहे.
"हेच्यात बिस्किटाचो चुरो भरतलो," मेस्त्री म्हणाले,
"मगे मुंग्यो येतल्यो."
भोकं बुजवली.

कौलांत सात काचेची कौलं बसवली,
दुपारचे दिवे बंद झाले.
पागोळ्यांचं पाणी टाकीत वळवलं.
भट्टीची उरलेली धग पत्र्याच्या नळातून माळ्यावर नेली,
आता जूनमध्येही तिथे सोलं सुकतात,
शेजारच्या तुळसकरीणबाई हक्काने परात चढवतात.
अहवालात मी लिहिलं: शाश्वत, पर्यावरणस्नेही.
रुझारबाब म्हणाले, "गरमी फुकट कित्याक घालवची?"

आणि मग ती रात्र.
धग मोजायला मी थर्मामीटर घेऊन थांबले होते.
अडीच वाजता ते काथवटीशी उभे राहिले,
मैदा मळू लागले,
तोंड भिंतीकडे.
मळायचं, थांबायचं,
कपाळ भिंतीला टेकवून दोन श्वास घ्यायचे,
पुन्हा मळायचं.
कपाळाच्या उंचीवर एक काळपट, तेलकट डाग होता.
चौतीस वर्षांचा.

माझ्या नकाशात ही बाजू
तिरप्या रेघांची एक चौकट होती, बस्स.
गिऱ्हाईक कुठून येईल, कुठे वळेल,
नानकटाईपाशी किती सेकंद रेंगाळेल,
सगळं मी आखलं होतं.
आणि कामाचं नाव काय, तर अंतर्गत सजावट.

दुसऱ्या दिवशी समोरची काच रद्द केली.
त्या पैशांत, डागाच्या जागी,
दोन फूट बाय दीड फुटाची खिडकी पाडली.
चिरा निघाला तेव्हा रुझारबाब बाहेर उभे राहून
दुसरीकडेच बघत होते.

मासिकवाल्यांचा एक फोटोग्राफर येऊन गेला.
त्याने होडीच्या फळ्या टिपल्या, जांभा टिपला,
काचेच्या कौलांतून पडलेलं ऊन टिपायला
तासभर स्टुलावर चढून बसला.
खिडकी त्याला दिसली नाही.
पुढून ती दिसतच नाही,
तिच्यासमोर उभं राहायला
हात पिठात असावे लागतात.

तिथून खाडीचं तोंड दिसतं,
परतणाऱ्या होड्यांचे दिवे, एक, मग दोन,
आणि ओहोटीला उघडा पडलेला चिखल,
तोही.

आता तक्रार अशी आहे
की पाव रोज दहा मिनिटं उशिरा निघतो.
रुझारबाब मळता मळता थांबतात म्हणे.
गिऱ्हाइकं पिशव्या घेऊन पायरीवर ताटकळतात,
म्हणून बाबल मेस्त्रींनी उरलेल्या फळीचा
एक बाक ठोकून दिला आहे,
माझ्या नकाशात नसलेला,
थोडा डुगडुगणारा.