चार केल्व्हिन

किशिनाऊ. प्रयोगशाळेच्या खिडकीत
सतरा बाटल्या, झाकणांना सुईनं पाडलेली भोकं.
‘हात लावू नका’, रोदिकाचं अक्षर, टेपवर.

मँगनीजचे आयन एकेकटे, घुमे.
ती त्यांच्यामध्ये सेंद्रिय रेणू बसवते
सोयरीक जुळवणाऱ्या बाईसारखी.
फार जवळ आणले तर एकमेकांकडे पाठ,
फार लांब ठेवले तर ओळखच नाही.
कोन दोन अंशांनी चुकला
आणि वर्ष गेलं.

बाराव्या बाटलीत अखेर
काळे दाणे, खसखशीएवढे.
इथे हेलियम नाही. पाकीट स्पेनला निघालं.
पोस्टातल्या बाईनं विचारलं, आत काय?
चुंबक, म्हणाली,
मग घाबरून: अजून नाही.

तीन आठवड्यांनी आलेख आला.
चार केल्व्हिनला बाहेरचं क्षेत्र काढून घेतलं
तरी रेषा शून्यावर परतली नव्हती.
आत कुणीतरी
दिलेली दिशा धरून बसलं होतं.
दहाला पोचता पोचता सगळं विसरलं.

घरी, फ्रिजच्या दारावर
बाजारातलं दोन लेईचं चुंबक,
टवका उडालेलं द्राक्षाचं घोस.
त्याच्याखाली मुलाचा फोटो, इटलीतला,
सहा उन्हाळे
जराही न घसरलेला.

रोदिका ते काढते, पुन्हा लावते.
टक्‌.