आस

आमच्याकडे आडनाव नसतं.
बापाचं नाव, त्याला जोडून लेक. एवढंच.
म्हणजे स्तेनथोर, तिचं अर्धं नाव
गेली सहा वर्षं तुझ्यापाशी तयार आहे.
उरलेलं अर्धं मी कुणाला सांगितलेलं नाही,
तुलासुद्धा.

रात्री नऊला तू हात धुऊन येतोस.
जाळ्यांच्या डांबराचा वास नखांतून जात नाही,
साबण तीनदा बदलून झाला.
फ्रीजमध्ये लोण्याच्या डब्यामागे सुया.
बेंबीपासून दोन बोटं, काल उजवीकडे, आज डावीकडे.
"आता," म्हणतोस,
आणि टोचून घेते मी, श्वास धरतोस तू.

गाव एवढंसं,
की गरम पाण्याच्या हौदात मी उतरले नाही
तर दुसऱ्या दिवशी बेकरीत पाव जरा जपून देतात हातात.
गरम पाणी नको, असं डॉक्टरीणबाईंचं सांगणं.
म्हणून मागच्या खेपेला काठावरच बसले.
म्हटलं, घोटा मुरगळलाय.
गुनवोर म्हणाली, "कुठला?"
मी म्हटलं, डावा.

नऊ दिवसांनी मी गळ्यापर्यंत पाण्यात होते.
घोट्याची चौकशी कुणी केली नाही.
गुनवोर फक्त सरकली
आणि जिथे झरा सगळ्यांत कढत येतो
तिथली आपली जागा तिने मला दिली.
आम्ही हेरिंगच्या भावाबद्दल बोललो. बराच वेळ.

तुझ्या कारखान्यात पाचर घालून
तू जाळ्याचा एकेक आस मोजतोस.
पिल्लं निसटून जातील
एवढा तो मोठा हवा, कायदाच आहे तसा.
कमी भरला तर तू अख्खी ओळ उसवतोस,
पुन्हा विणतोस, चिडचिड न करता.
मी सूप घेऊन येते, बाकावर बसून बघते.
कधी वाटतं ओरडावं,
एखादी गाठ चुकू दे की रे.

मागच्या हिवाळ्यात तुझ्या टेबलाखाली
एक विचित्र दोर सापडला मला.
पिवळ्या सुताचा, तीन पदरी, हातभर,
इतका सैल की त्याने मासाच काय, टोपीसुद्धा बांधता येऊ नये.
शेवटाला पावाच्या पिशवीचं रबर.
तू लालबुंद झालास.
"ओढून घातली की टाळू दुखते म्हणे," म्हणालास,
"बहिणीने सांगितलं."
मी तो दोर होता तिथे ठेवला.
त्या रात्री मी तुझ्यावर उगाचच चिडले, भांड्यांवरून.

आज विमान नाही.
धुकं खाडीत येऊन बसलंय,
अकरानंतर बघू, म्हणतात विमानतळावरचे.
अकरानंतर म्हणाले, दोननंतर. मग म्हणाले, उद्या.
तिकडे राजधानीत, काचेच्या बशीत,
आपलं काहीतरी आज चार दिवसांचं आहे
आणि त्याला उद्या पाचवा लागेल.
त्याला धुकं माहीत नाही.
तू स्वयंपाकघरात उभा राहून
खिडकीला शिव्या घातल्यास, आजोबांच्या बोलीतल्या,
ज्या तू त्याच्यासमोर कधीच देणार नाहीयेस असं ठरलंय.

संध्याकाळी ह्याल्टीचा फोन.
तो बर्फ काढायची गाडी चालवतो.
"मी पहाटे तीनला घाटात शिरतो," म्हणाला,
"माझ्या दिव्यामागे राहा. पुढे जाऊ नका."
कशाला, कुठे, हे त्याने विचारलं नाही.
त्याची बायको गुनवोरची भाची.

अडीच वाजता मी थर्मास भरला.
बाहेर तू बर्फ खरवडत होतास.
आपण चार दारांची गाडी घेतली
तेव्हा विकणारा म्हणाला होता, दोघांना दोन पुरतील.
पुढची काच झाली, तुझं दार झालं, माझं झालं.
मी आत बसले, हीटर लावला.
तू अजून बाहेरच होतास.
आरशात दिसलास, टॉर्च दातांत धरून,
मागचं दार बिजागरीपाशी मोकळं करत होतास.
डावीकडचं झालं
आणि तू पलीकडे वळून
उजवीकडचं सुरू केलंस.