सव्वा किलोच्या चकत्या

खाऱ्या हवेत लोखंड दोन दिवस एकटं ठेवता येत नाही.
तिसऱ्या सकाळी बार धरला
की तळव्याला हळद लागल्यासारखा गंज.
म्हणून देवगड बंदरालगत,
जाळी ठेवायच्या जुन्या शेडमधल्या आमच्या तालमीचं कुलूप
पावणेपाचला मी काढतो.
किल्ली माझ्याकडे, कारण झोप माझीच आधी उडते.
बावन्नाव्या वर्षी एवढी तरी पात्रता आलीय.

आधी खोबरेल, जुन्या लुंगीचा बोळा.
मग रिकामा बार, वीस किलो,
आणि गुडघ्यांची कुरकुर,
तीच तक्रार, रोज नव्या दमाने.

वीस वर्षं बर्फ उचलला मी.
फॅक्टरीतल्या लाद्या, आकड्याने ओढलेल्या,
खांद्यावर गोणपाट,
सुरमईसाठी, कोळंबीसाठी, ट्रकमागून ट्रक.
रचला असता तर डोंगर झाला असता.
तो वितळून गटाराने खाडीत गेला.
घर चाललं, मुलीचं नर्सिंग झालं,
मी उचललं किती, ते कुठे लिहिलेलं नाही.
पुढे मालकांनी खुर्ची दिली, पावतीपुस्तक दिलं,
आणि वर्षभरात
जिना चढताना मी कठडा धरू लागलो.

लोखंड वितळत नाही.
लिलावातला काटा एखाद वेळी डोळा मारतो,
चकती मारत नाही.
बायकोशी भांडून आलो तरी शंभर,
मुलीचा फोन आला त्या दिवशीही शंभरच.

चव्वेचाळिसाव्या वर्षी एकशे साठ उचलले होते.
पावतीपुस्तकाच्या पाठकोऱ्या पानावर तारीख आहे,
खाली दोन रेघा.
ते पान मी आता उघडत नाही.
खोटं.
महिन्यातून एकदा उघडतो.

मग एका वैशाखात कंबर धरली.
डॉक्टर आठलेकर म्हणाले, चाला आता किनाऱ्याने, वाळू मऊ असते.
चाललो. अडीच महिने.
कुत्री ओळखू लागली, पवनचक्क्यांची पाती पाठ झाली.
परत आलो तर बार कोपऱ्यात उभा, नखशिखांत केशरी.
पोरांनी नवा आणला होता, चकचकीत.
गौरेश तारी त्यावर दीडशे घालून
मोबाइल भिंतीला टेकवत होता.
मी जुना घेतला. घासायलाच दोन सकाळी गेल्या.
मग त्या पोरांसमोर वीस किलो,
नुसते वीस,
आणि नजर समोरच्या भिंतीतल्या भेगेवर.

"कित्याक रे ह्यो उपद्व्याप, ह्या वयात?"
जेटीवरची शेवंती कुबल विचारते,
डोक्यावर पाटी, पाटीत माझ्याहून जास्त वजन.
तिला काय सांगणार?
तिने कधी कुणाला विचारलं नाही, कित्याक.

सव्वा किलोच्या दोन चकत्या आहेत तालमीत.
पोरं त्यांना हात लावत नाहीत, दरवाजा अडवायला वापरतात.
माझं सगळं त्यांच्यावर चाललंय.
दोन्ही मिळून अडीच किलो, म्हणजे डझनभर बांगडे.
महिन्याला डझनभर बांगडे वाढवायचे,
तेही कंबरेने हो म्हटलं तर.
दोन महिने ती नाहीच म्हणाली.
एका महिन्यात मीच उतरवले.

जिद्द वगैरे मला ठाऊक नाही.
आज गुरुवार, अंगात काही नव्हतं,
बाहेर दमट, आत त्याहून.
म्हटलं, नुसता बार पुसू, कुलूप लावू, जाऊ.
पुसता पुसता हात मधोमध आले,
पकड बसली,
टाचा जमिनीला सापडल्या.
एकशे साडेसत्तावीस.
दुसऱ्यांदा गुडघ्यापर्यंत आला आणि थांबला.
सोडला. सगळी शेड वाजली.

"काकानू, कंबर सांभाळा," गौरेश म्हणाला,
आणि पहिल्यांदाच
दारातल्या चकत्या पायाने नव्हे, हाताने आत सरकवल्या.

पावतीपुस्तकात लिहिलं: एक वेळ.
सहा वाजता पहिला ट्रक भोंगा वाजवत आला.
पँटीवर मांडीपाशी तांबडा पट्टा,
वैजू म्हणते, हा डाग निघत नाही.
उद्या परत तिथेच लागणार.