‘शे’ नसलेली वाक्यं

सावद्याच्या पॅकिंग हाऊसमधून
दिवसाचा शेवटचा कंटेनर हलला की
रुबाब तडवी एक फाटका खोका उलटा करतात
आणि उजवीकडून लिहायला लागतात.
अठरा वर्षं शारजात क्रेन चालवलेला हात,
अक्षर मात्र दुसरीतल्या पोराचं, जरा घाबरट.

बसऱ्याचा व्यापारी फोनवर फणी दाखव म्हणतो.
मी दाखवते, आणि हसते.
नुसत्या हसण्यावर तेरा किलोचा खोका
किती दिवस विकायचा?

अल्-मौझु. ही केळी.
अख़्दर. हिरवी.
‘अल्-मौझु अख़्दर. झालं वाक्य.’
झालं? आणि ‘आहे’ कुठं गेलं?
‘त्यांच्यात लागतच नाही, ताई.’

माझं माहेर पारोळ्याकडचं.
आई सगळ्याला ‘शे’ लावायची.
घर शे, पानी शे, देव शे.
डब्यात काहीच नसलं
तर त्या नसण्यालाही लावायची: नही शे.
आणि इथं अर्धं जग ‘शे’वाचून बोलतंय,
कुणाच्या घराचं छत खाली आलेलं नाही.

मी दोन शब्दांमधल्या जागेकडे बघत राहते.
इकडे केळी, तिकडे रंग.
आमच्याकडून निघताना अख़्दर,
त्यांच्या ताटात अस्फ़र, पिवळी,
आणि मध्ये सगळा समुद्र,
ज्याचं नाव लेबलवर कुणी छापत नाही.

ढीग असला की पुल्लिंगी, ते सांगतात.
त्यातलं एकच केळं उचललं
की मौझा. स्त्रीलिंगी.
रंगसुद्धा तिच्यापुरता बदलतो: ख़द्रा.
एकटी पडली की बाईच का, मी विचारलं.
त्यांनी पेनाचं टोपण चावलं,
व्याकरणात असं कुणी विचारत नाही म्हणाले.

सूर्यही बाई.
अश्-शम्सु हार्रा. ऊन नव्हे, ती स्वतःच तापलेली.
‘अल्’मधला ‘ल’ तिच्यासमोर येतो
आणि विरघळतो, लोणी ठेवावं पत्र्यावर तसा.
‘भुसावळचा मे आठव,’ रुबाबचाचा म्हणाले,
‘कुणा बाप्याला जमेल का एवढं तापणं?’

मग घर आलं.
बैत कबीर: एक मोठं घर, कुणाचंही.
अल्-बैतु कबीर: ते घर मोठं आहे.
अल्-बैत अल्-कबीर: ते मोठं घर...
‘दोन्हीकडे अल् लावलं तर वाक्य पुरं होत नाही,
ऐकणारा थांबून राहतो, पुढं काय म्हणून.’
मी थांबून राहिले.
पुढं काही आलं नाही.
बाहेर हमाल पाण्याच्या पाइपनं पाय धूत होते.

बऱ्याच वेळानं त्यांनी लिहिलं
हिय हुना. ती इथे.
ह्यालाही ‘आहे’ लागत नाही ना, मी म्हटलं, शहाणी होऊन.
नाही, म्हणाले. असलेल्याला काही लागत नाही.
मग ‘हिय’वर एक बारीक रेघ मारली
आणि तिथं लिहिलं: कानत.
कानत हुना. होती.
‘गेलेल्याला मात्र शब्द लागतो.
बाईला कानत, बाप्याला कान.’
नूरबाईंना जाऊन ह्या उन्हाळ्यात दोन वर्षं.
मला उगाच कानातली रिंग चाचपावीशी वाटली.

सकाळी फोन आला.
अल्-मौझु अख़्दर, मी म्हटलं, न हसता.
पलीकडे क्षणभर काही नाही,
मग तो केवढ्यानं तरी हसला,
नअम, नअम, अख़्दर,
आणि एक लांबच लांब वाक्य बोलला, भरभर,
खिडकीबाहेर कुठंतरी बोट दाखवत.
त्यातलं मला एवढंच ऐकू आलं:
कान.

तिथं काय होतं, कुणास ठाऊक.
विचारायचं कसं, ते अजून शिकायचंय.
मी फणी कॅमेऱ्यासमोर धरून उभी राहिले,
हात भरून येईपर्यंत.