उरलेले चाळीस सेकंद

दहा मिनिटं मिळणार होती.
भाच्यानं बावीस स्लाइडा केल्या होत्या,
हिरव्यावर पिवळी अक्षरं,
शेवटी गुलाबाचं फूल आणि धन्यवाद.
पेन ड्राइव्ह पदराच्या गाठीत बांधून
मी साकोलीला उतरले,
हातात बादली, बादलीवर ओलं गोणपाट.

आठवडाभर तलावाच्या पाळीवर सराव केला.
हिरकणा मोबाइलचं घड्याळ धरायची,
दर वेळी म्हणायची,
"अवो, तुमी बेशरमच्या झुडपातच अडकता,
मासोळीपर्यंत पोचतच नाई जी."
खरं होतं. मालगुजारी तलाव तो,
दहा मिनिटांत त्याची पाळसुद्धा चालून होत नाही.

पंचायत समितीच्या हॉलात आमचा नंबर चौदावा.
तेराव्याची घंटी प्रस्तावनेतच वाजली,
सन्माननीय, सन्माननीय करत
नवव्या खुर्चीपर्यंत आला होता बिचारा.
साहेबांनी घड्याळ पाहिलं.
जिन्यावरून वरणाचा वास येत होता.
"यापुढे प्रत्येकी तीन मिनिटं."

तीन मिनिटं.
जाळं खांद्यावर घ्यायचं,
एक काठ दातांत धरायचा, अंग फिरवायचं, सोडायचं.
सोडलं की बोलायचं नाही
शिशाचे मणी तळाला टेकेपर्यंत.

पदराची गाठ सोडलीच नाही.
बादलीत हात घातला, दोन मुठी काढल्या,
ठेवल्या टेबलावर, कागदांच्या शेजारी.
डावीकडे बेशरमची फांदी,
उजवीकडे चिला, मुळांसकट, चिखलासकट.

"हे आमी उपटलं, जी. दोन उन्हाळे, सोळा बाया.
हे आमी लावलं.
याच्या आडोश्याले मासोळी अंडे घालते.
पयले जाळ्यात दोन जाती येत,
औंदा अकरा मोजल्या.
पुढच्या मयन्यात तलावाचा लिलाव हाये.
तो थांबवा. आमाले पाच वर्सं द्या."

झालं.
कारकुनाचा हात घंटीवर होता, तिथंच राहिला.
मागच्या रांगेतून हिरकणानं चार बोटं दाखवली,
चाळीस सेकंद.
एवढा वेळ कधी हाती उरलाच नव्हता,
त्याचं करायचं काय?
नुसती उभी राहिले.
चिल्याचं पाणी ठिबकत, वळत
लिलावाच्या फायलीकडे निघालं.
फाइल कोणी उचलली नाही.
साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.
"अकरावी कोणती?"

हे काही सरावात नव्हतं.
"दाडक," मी म्हटलं.
"पंधरा वर्सं दिसली नोती.
एकच भेटली, जी. सोडून देली."
घंटी वाजली की नाही, आठवत नाही.

निर्णय पुढच्या बैठकीत, म्हणाले.
एसटीत रिकामी बादली पायाशी खडखडत होती,
राहिलेलं सगळं मी हिरकणाला सांगत सुटले,
पाळ, पाट, सासऱ्यांच्या वेळचा पूर,
ती खिडकीला डोकं टेकून झोपली होती.

लाखनीच्या अलीकडे भाच्याचा फोन.
"मामी, गुलाब आवडला का त्यायले?"
मी पदराची गाठ चाचपली.
ओली होती, मासोळीचा वास येत होता.
"मस्त आवडला, बाबू," मी म्हटलं.